रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल वापरून अण्णांचं जुनं खातं शोधलं, पैसे मिळाले, पूर्ण अनुभव

गेली चौदा वर्षं आई एकच म्हणत होती, तुझ्या अण्णांचं नाशिकला रविवार कारंजावरच्या बँकेत खातं होतं. मी आणि दादा ऐकून घ्यायचो आणि सोडून द्यायचो, कारण ना पासबुक ना चेकबुक, अण्णा, म्हणजे आमचे वडील, 2011 च्या जानेवारीत गेले तेव्हा त्यांचं जे काय होतं नव्हतं ते सगळं आम्ही बघितलेलं, पगाराचं खातं सातपूरला होतं ते बंद केलं, एलआयसीची एक पॉलिसी होती तिचा क्लेम झाला, आणि विषय संपला असं आम्हीच ठरवून टाकलं. आईला विचारलं बँक कोणती तर तिला नाव आठवेना, म्हणायची भांडी बाजारातून वर आलं की डाव्या हाताला, जिना होता. आता त्या भागात किती बँका आल्या गेल्या, जिना कुठे शोधणार.

मग ऑक्टोबर 2025 मध्ये टीव्हीला बातमी आली, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 4 ऑक्टोबरला गांधीनगरला मोहीम सुरू केली, लोकांचे बँकेत, विम्यात, शेअर्समध्ये पडून राहिलेले पैसे परत द्यायची, तीन महिने जिल्ह्याजिल्ह्यात शिबिरं. आईने मला सिडकोतून फोन केला, अगं आता तरी बघ. तिचा आवाज असा होता की त्या रात्री मी जेवण आवरून लॅपटॉप घेऊन बसले. हे सगळं सविस्तर लिहितेय कारण आपल्याकडे घरोघरी असं एखादं विसरलेलं खातं असणार आणि मला जे धक्के खाऊन कळलं ते तुम्हाला आधी कळलं तर दोन चार चकरा वाचतील.

आधी थोडक्यात हे पैसे जातात कुठे ते, कारण बऱ्याच जणांना वाटतं बँकेने खाल्ले. तसं नाही. खात्यात दोन वर्षं आपण काहीच व्यवहार केला नाही तर ते खातं इनऑपरेटिव्ह होतं, म्हणजे निष्क्रिय, आणि शेवटच्या व्यवहारापासून दहा वर्षं तसंच राहिलं तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या डीईए फंडात भरते, पूर्ण नाव डिपॉझिटर एज्युकेशन अँड अवेअरनेस फंड, 2014 पासून चालू आहे. बँकेने व्याज जमा केलं तर तो आपला व्यवहार धरत नाहीत हे लक्षात ठेवा, बऱ्याच जणांचा इथेच गैरसमज होतो. एफडी असेल तर मुदत संपल्यापासून दहा वर्षं मोजतात. मार्च 2024 ला त्या फंडात 78 हजार 213 कोटी रुपये होते, मी हा आकडा वाचला आणि दोनदा बघितला. पण हक्क जात नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट. दहा काय वीस वर्षांनीही खातेदार किंवा त्याचे वारस मागू शकतात, बँक आपल्याला पैसे देते आणि मग फंडातून स्वतः परत घेते. बचत खात्यासारखं व्याजाचं खातं असेल तर फंडात पडून असलेल्या काळाचं व्याजही मिळतं, मे 2021 पासून ते वर्षाला 3 टक्के आहे, सरळव्याज.

आता पोर्टल. नाव उद्गम, रिझर्व्ह बँकेने 17 ऑगस्ट 2023 ला सुरू केलं तेव्हा फक्त सात बँका होत्या, मार्च 2024 पर्यंत तीस झाल्या, आणि फंडातले रकमेच्या हिशोबाने साधारण 90 टक्के पैसे त्या तीस बँकांमधलेच आहेत. पत्ता उद्गम डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, शेवटी आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन असल्याशिवाय कुठेही काही भरू नका. मोबाईल नंबर टाकायचा, नाव टाकायचं, ओटीपी येतो, पासवर्ड करायचा, झालं रजिस्ट्रेशन, पाच मिनिटं. एक रुपया फी नाही. मग खातेदाराचं नाव, बँक निवडायची, सगळ्या बँका एकदम पण निवडता येतात, आणि पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट नंबर किंवा जन्मतारीख यातलं काहीतरी एक. आम्हाला बँकेचं नावच माहीत नव्हतं त्यामुळे सगळ्या बँका एकदम ही सोय नसती तर आम्ही पहिल्याच पायरीला थांबलो असतो. यासाठी पोर्टल करणाऱ्यांना मनापासून धन्यवाद.

पण पहिल्या रात्री काहीच सापडलं नाही. पॅन टाकला, नाही. जन्मतारीख टाकली, नाही. दुसऱ्या दिवशी परत, नाही. मी आईला सांगून टाकलं की नाहीये गं, ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली बरं.

तिचं ते बरं ऐकून मला चैन पडेना, मग मी जरा डोकं लावलं. अण्णांचं खातं लग्नाआधीचं, 1988 सालचं, तेव्हा ते भांडी बाजारात एका दुकानात कामाला होते आणि पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ खोली करून राहायचे. तेव्हा कुठला पॅन. म्हणजे पॅनने शोधून उपयोगच नाही, बँकेकडे तो नंबर कधी गेलेलाच नाही. राहिली जन्मतारीख. आम्ही अण्णांचा वाढदिवस दिवाळीच्या पाडव्याला करायचो आणि मी आजीने सांगितलेल्या सालावरून तारीख काढून तीच टाकत होते. शाळेच्या दाखल्यावर काय आहे हे बघितलंच नव्हतं. दादाकडे दाखल्याची झेरॉक्स होती, त्याने चाकणवरून फोटो पाठवला आणि त्यावर 1 जून. अर्थात 1 जूनच असणार, त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला आहे, गुरुजींनी शाळेत नाव घालताना जी तारीख लिहिली ती. आणि दुसरी गोष्ट नावाचं स्पेलिंग. दत्तात्रय हे नाव इंग्रजीत लिहायच्या चार तरी पद्धती आहेत, शेवटी वाय, शेवटी वाय आणि ए, मधे टी एक का दोन, आणि जुन्या बँकांत आडनाव आधी लिहायचे मग नाव मग वडिलांचं नाव, कधी वडिलांच्या नावाचं फक्त एक अक्षर. मी कागदावर सगळ्या जोड्या लिहिल्या आणि एकेक टाकत गेले, 1 जून कायम ठेवून.

सातव्या का आठव्या जोडीला एक ओळ आली. नाव, पंचवटीचा जुना पत्ता, बँकेचं नाव आणि एक लांबलचक नंबर. मी स्क्रीनकडे बघत बसले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते तरी आईला फोन केला आणि पत्ता वाचून दाखवला, खोली मालकाच्या नावासकट. आई म्हणाली, हो, तीच खोली.

तो लांब नंबर म्हणजे यूडीआरएन, प्रत्येक पडून असलेल्या ठेवीला एक वेगळा, तो लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा, बँकेत गेल्यावर तोच लागतो. रक्कम किती ते पोर्टलवर दिसत नाही, खाते नंबरही दिसत नाही, ते बरोबरच आहे नाहीतर कोणीही शोधून काढेल. आणि पोर्टलवरून पैसे मागता येत नाहीत, तिथे फक्त शोध, पुढचं सगळं बँकेत. अजून एक, जुनी बँक आता त्याच नावाने असेलच असं नाही. देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात गेल्या, वर्षभराने सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. तुमच्या घरातले लोक जुनं नाव सांगतील, तुम्ही आताचं नाव निवडा.

इथपर्यंत पोर्टलला पाचपैकी साडेचार. अर्धा कमी स्पेलिंगसाठी, नावं मराठीतून किंवा उच्चाराच्या जवळपास शोधायची सोय हवी, आपल्याकडची नावं इंग्रजीत दहा प्रकारे लिहिली जातात हे रिझर्व्ह बँकेला माहीत नाही असं नाही.

आता बँकेची शाखा, आणि इथे मला खरंच वाईट वाटलं. नाव लिहित नाही. जिन्याची ती शाखा कधीच हलली, नवीन जागेत मी आणि आई अर्धा दिवस रजा टाकून गेलो, मी अंबडला कंपनीत स्टोअरला आहे त्यामुळे शनिवारशिवाय जमत नाही आणि शनिवारी दुसरा चौथा बंद. काउंटरवरच्या मुलाने यूडीआरएन बघून विचारलं हे काय असतं. त्याची चूक नाही, त्याला कोणी शिकवलंच नसेल, पण मग आतल्या साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले खातं सिस्टीमला आहे, पैसे रिझर्व्ह बँकेकडे गेलेत, 2020 च्या सप्टेंबरला, मुद्दल 46 हजार आणि काही, नॉमिनी आहे का. नॉमिनी होती, आमची आजी. अण्णांनी लग्नाआधी खातं काढलं तेव्हा आईचं नाव टाकलेलं, त्यांच्या आईचं, आणि ती 2003 ला गेली, नंतर कोणी बदललंच नाही. साहेब म्हणाले मग कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा, म्हणजे वारस कोण याचा कोर्टाचा दाखला.

आईचा चेहरा उतरला. 46 हजारासाठी कोर्ट, वकील, पेपरात नोटीस, कित्येक महिने. ती म्हणाली चल घरी, नको आपल्याला. मी तिला सीबीएस बसस्टँडला उसाचा रस पाजला आणि रिक्षाने घरी सोडलं आणि रात्री त्या बँकेच्या वेबसाईटवर जाऊन मयत खातेदारांच्या क्लेमची पॉलिसी शोधली. आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं की अमुक रकमेपर्यंत कोर्टाचा कागद लागत नाही, वारसांचा अर्ज, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांची ना हरकत एवढ्यावर काम होतं. आमची रक्कम त्या मर्यादेच्या कितीतरी आत. रिझर्व्ह बँक हे 2005 पासून बँकांना सांगत आलीय की लहान रकमेला लोकांना कोर्टात पाठवू नका, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तर नवीन नियम काढलेत, वाद नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर साध्या बँकांसाठी 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांसाठी 5 लाखांपर्यंत सोपी पद्धत, कागद पूर्ण दिल्यापासून 15 दिवसांत निकाल, उशीर केला तर बँकेने व्याज द्यायचं, आणि 31 मार्च 2026 च्या आत सगळ्यांनी लागू करायचं. हे शाखेतल्या माणसाला माहीत असायला हवं होतं. त्या दिवशी आईसारखी एकटी बाई गेली असती तर ती परत कधी त्या दारात गेली नसती, आणि ते पैसे तिथेच पडून राहिले असते, मला याचाच राग आहे, पन्नास हजाराचा नाही.

पुढच्या वेळी मी पॉलिसीचं ते पान प्रिंट काढून नेलं आणि शांतपणे समोर ठेवलं. साहेबांनी वाचलं, कोणाला तरी फोन केला, आणि म्हणाले ठीक आहे, करू. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या, हे मला आमच्या कंपनीतल्या एका काकांनी सांगितलं होतं आणि ते फार कामाला आलं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फुकट, माहितीसाठी 14448 नंबर आहे. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही.

कागद काय लागले ते सांगते. अण्णांचा मृत्यूचा दाखला, तो आमच्याकडे होता. आजीचा मृत्यूचा दाखला, हा मात्र सिन्नर तालुक्यातल्या गावच्या ग्रामपंचायतीतून काढावा लागला, त्याला एक रविवार आणि एक सुट्टीचा दिवस गेला, कारण नॉमिनी हयात नाही हे बँकेला दाखवायचं असतं. आई, मी आणि दादा तिघांचं आधार, पॅन, फोटो. मी आणि दादाने लिहून दिलं की रक्कम आईला द्या आमची हरकत नाही. हमीपत्र स्टॅम्प पेपरवर, आता कमीत कमी पाचशेचा लागतो, शंभर आणि दोनशेच्या जागी 2024 च्या ऑक्टोबरपासून पाचशे झाले, कोर्टासमोर गेलं की नोटरी आणि टायपिंग दोन्ही तिथेच होतं. दादाची सही ही खरी अडचण, तो चाकणला, त्याला सुट्टी नाही, बँकेने आधी सांगितलं त्याने स्वतः यावं, मग म्हणाले त्याच बँकेच्या तिकडच्या शाखेत जाऊन सही करून पाठवली तरी चालेल. हे आधी विचारा, बाहेरगावी भावंडं असतील तर.

आणि नाव. अण्णांच्या खात्यावर एक स्पेलिंग, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं, आईच्या आधारवर नवऱ्याचं नाव तिसरं. तिन्ही एकच माणूस आहे असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तुमच्या घरात वडील आई आहेत तोवर बसा एकदा आणि सगळ्या कागदांवरची स्पेलिंग एकत्र बघा, कृपा करून बघा.

कागद पूर्ण झाल्यावर एकोणीस दिवसांनी पैसे आले, आईच्या खात्यात, डिसेंबरमध्ये, व्याजासकट 53 हजार आणि काही. वेळेत म्हणायला चार दिवस जास्त, पण आले. त्या शाखेला मी पाचपैकी दोन देईन, एक शेवटी काम केलं म्हणून आणि एक काउंटरवरच्या त्या मुलासाठी, कारण त्यानेच एक गोष्ट केली जी मी मागितली नव्हती. सिस्टीममध्ये जेवढी जुनी नोंद होती तेवढी त्याने स्टेटमेंटला काढून आईच्या हातात दिली. दर महिन्याच्या आठ दहा तारखेला पाचशे, कधी सातशे, दिवाळीच्या महिन्यात दोन हजार. शेवटची नोंद ऑगस्ट 2010, पाचशे. आई बाकावर बसून बोट ठेवून ठेवून वाचत होती आणि मला सांगत होती, ही दिवाळी तुला सायकल घेतली ती, या महिन्यात तर म्हणाले होते पैसेच नाहीत.

आता कोणाला काय उद्गमवर मिळणार नाही तेही सांगते, कारण नाशिकमध्ये याचीच जास्त गरज आहे. पतसंस्था त्यात नाहीत, आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था होत्या आणि लोकांनी त्यात भरपूर ठेवलेत, पण त्या रिझर्व्ह बँकेखाली येतच नाहीत, सहकार खात्याखाली येतात, तिथे संस्थेत किंवा उपनिबंधक कार्यालयात जावं लागतं. बऱ्याच लहान सहकारी बँकाही पोर्टलवर नाहीत, मात्र त्यांनाही डीईए फंडाचा नियम लागू आहे आणि पडून असलेल्या खात्यांची यादी त्यांनी आपल्या वेबसाईटवर टाकायची असते, तिथे बघा. पोस्टातली खाती, एलआयसीचे पैसे, पीएफ यांचा उद्गमशी संबंध नाही. एलआयसीच्या साईटवर नाव आणि जन्मतारीख टाकून शोधता येतं, इथेही 1 जून विसरू नका. विम्याचे पैसे दहा वर्षं कोणी मागितले नाहीत तर ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, पण त्यानंतरही 25 वर्षं मागता येतात. म्युच्युअल फंडासाठी सेबीने 2025 च्या फेब्रुवारीत मित्रा नावाची सोय आणलीय.

एजंट लोकांपासून सांभाळा. मी ऑफिसमध्ये ही गोष्ट सांगितली तर एकीला आधीच फोन येऊन गेलेला, तुमच्या सासऱ्यांचे पैसे अडकलेत, वीस टक्के द्या काढून देतो, ओटीपी सांगा. शोधायला पैसे लागत नाहीत, क्लेमलाही बँक पैसे घेत नाही, आणि 1 एप्रिल 2024 पासून बंद पडलेलं खातं परत चालू करायलाही चार्ज लावता येत नाही, मिनिमम बॅलन्सचा दंडही नाही. आमचा खर्च झाला तो स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स आणि सिन्नरचं पेट्रोल.

पैसे जमा झाले त्या शनिवारी आई परत म्हणाली बँकेत जायचंय, मला वाटलं काढायचेत. तिला नॉमिनीचा फॉर्म हवा होता. 1 नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात, हिस्सा पण टाकता येतो, हे तिला टीव्हीवरूनच कळलेलं. तिने माझं आणि दादाचं नाव लिहिलं, पन्नास पन्नास, आणि मला म्हणाली स्पेलिंग आधारवर आहे तसंच लिही.

आता मामाचे जुने कागदी शेअर्स बघायला घेतलेत, सात वर्षं सलग डिव्हिडंड कोणी घेतला नाही की शेअर्सच आयईपीएफकडे, म्हणजे सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात, त्याचा फॉर्म वेगळा आणि काम यापेक्षा बरंच किचकट आहे, डिमॅट खातं काढण्यापासून सुरुवात. झालं की लिहीन.